आठ काचा

ता. ४, मंगळवार

एकशे बारा पायऱ्या! फोनवर बाबू म्हणाला होता, "थोडासा चढ आहे गं ताई." मोजल्या मी. दोनदा बसले. दुसऱ्यांदा बसले तेव्हा दोन्ही हातांत पाण्याचे कॅन घेतलेली एक बाई शेजारून झपाझप वर गेली. वर पोचल्यावर कळलं की ती आमची वहिनीच, बाबूची बायको. घाईत मला ओळखलंच नाही. मग कॅन ठेवून धावत परत आली, माझी बॅग घ्यायला. मला इतकी लाज वाटली की मी उगाच तिच्यावर डाफरले, "राहू दे, मी काही म्हातारी नाही." बासष्ट म्हणजे म्हातारी नाही तर काय!

शहरातून गाडीनं पावणेदोन तास, शेवटचं स्टेशन. दोन डोंगरांमधली ही दरी. डोंगर कापून टप्प्याटप्प्यांवर घरं बसवलीत, एकाच्या गच्चीच्या उंचीवर दुसऱ्याचा उंबरा. ऊन सकाळी नऊला उतरतं आणि चारला निघून जातं. सहाच्या गाडीनं सगळी दरी शहरात कामाला जाते. बाबूही. तो लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर लोकांना वर-खाली पोचवणार आणि स्वतः एकशे बारा पायऱ्या चढणार — असं मी म्हटलं, तर हसला नाही. दमलेला होता.

सहा वर्षांनी भेटतेय, या घरी तर पहिल्यांदाच. त्यांचा मुलगा शिकायला बाहेरगावी, त्याची खोली मला दिलीय. तीन आठवडे राहायचं. भांडायचं नाही. इथं लिहून ठेवते म्हणजे लक्षात राहील.

ता. ५, बुधवार

सकाळी माझ्या हातून कप फुटला. निळ्या काठाचा. तुकडे मी सुपलीत भरले आणि वहिनीला सांगितलं. "असू दे हो ताई." दुपारी फळीवर बघते तर निळ्या काठाचे सहाच्या सहा! खालच्या दुकानातून आणून ठेवला होता. बाबूला पत्ताच नाही. विचारलं तर म्हणाली, फुटलेलं दिसलं की घरात कुणाचं तरी तोंड उतरतं, त्यापेक्षा बरं. चौदा वर्षांनी लहान आहे माझ्याहून, पण संसाराची अक्कल माझ्या दुप्पट.

दुपारी कपडे वाळत घालायला मागच्या बोळात गेले. घर आणि डोंगर यांच्यामध्ये जेमतेम दोन हातांची जागा. तिथं आधाराची भिंत. डोंगर अंगावर येऊ नये म्हणून बांधलेली, तीन माणसं उंच. आणि त्या भिंतीत तडा.

केसाएवढा. पण तिरपा. वरच्या डाव्या कोपऱ्यातून निघून पार आमच्या न्हाणीघराच्या मागे उतरलाय.

मी चादर दोरीवर टाकली आणि आत आले. कुणाला काही बोलले नाही. इमारतींचे तडे मोजण्यात तेहेतीस वर्षं गेली माझी. सुट्टीवर आलेय म्हटलं तरी डोळे कुठं सुट्टीवर जातात!

ता. ६, गुरुवार

न बोलून राहवेना. बाबूला मागं नेऊन दाखवलं. तो म्हणाला, वरचं प्लास्टर आहे, उन्हानं तडकलं असेल. मी म्हटलं, इथं ऊन येतं कुठं? मग सगळं बाहेर आलं.

या भिंतीच्या बरोबर डोक्यावर नवी पाण्याची टाकी बांधून झालीय. गल्लीत नळ नाही. आठवड्यातून दोनदा टँकर खाली येतो आणि नऊ घरांतल्या बायका कॅन घेऊन चढतात. टाकीसाठी तीन वर्षं बाबू अर्ज घेऊन फिरला. पाइप आला, पंप बसला. आता तेवीस तारखेला, रविवारी, पहिल्यांदा पाणी सोडायचं. "आणि तू आत्ता तडा दाखवतेस," म्हणाला. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

वसतिगृहाची गोष्ट त्यानं काढली नाही. पण दोघांच्याही मनात तीच होती. दहा वर्षांपूर्वी तड्यावर लावलेली एक काच फुटली म्हणून मी अख्खं वसतिगृह रिकामं करवलं. ऐन परीक्षेत चारशे पोरं सामान घेऊन रस्त्यावर. आणि झालं काहीच नाही! इमारत अजून ठणठणीत उभी आहे. तेव्हापासून मी ऑफिसात "काचवाली". निवृत्तीच्या भाषणातसुद्धा साहेबांनी तो विनोद केला आणि मीही हसले.

ता. ७, शुक्रवार

संध्याकाळी गल्लीचे अध्यक्ष आले. अध्यक्ष म्हणजे कोपऱ्यावरचा शिंपी. गळ्यातली टेप काढायलाही विसरला होता. त्यानं ठेकेदाराचा कागद दाखवला — भिंत मजबूत आहे, सही, शिक्का. मी म्हटलं, ठेकेदार स्वतःच्या भिंतीला कच्ची म्हणेल का? शिंपी हुशार. म्हणाला, "मग बाई, तुम्हीच सांगा. पण डोळ्यांनी बघून नको, मोजून सांगा."

शेवटी ठरलं. तड्यावर मी आठ काचा लावायच्या, चौदा दिवस बघायचं. एक जरी फुटली तर टाकी भरायची नाही, सरकारी माणूस बोलवायचा. आठही शाबूत राहिल्या तर मी कागदावर तसं लिहून द्यायचं आणि रविवारी पाणी सोडायचं.

वहिनी दारात उभी राहून सगळं ऐकत होती. तिचे तळहात बघितले आज. कॅनच्या कड्यांचे घट्टे पडलेत.

ता. ८, शनिवार

काचा लावल्या. जुनी पेटी मी बरोबर आणली होती — कशाला आणली कोण जाणे, सवय. प्रयोगशाळेतल्या पातळ काचपट्ट्या, बोटभर लांब. पेटीत बारा होत्या. आठ लावल्या, चार उरल्या. तड्याच्या अलीकडे प्लास्टरचा एक गोळा, पलीकडे एक, मध्ये काच आडवी. भिंत केसभर जरी हलली तरी काच टिकत नाही. प्रत्येकीच्या प्लास्टरवर पेन्सिलीनं नंबर आणि तारीख. प्लास्टर वहिनीनं कालवून दिलं. माझ्यापेक्षा मऊ कालवते!

माझा एक नियम आहे. लावलेल्या काचेला हात लावायचा नाही. दोन हातांवरून बॅटरी मारून बघायचं. जवळ गेलं की माणसाचा धक्का लागतोच.

आणि नेमकी वहिनी पाण्याची बादली घेऊन बोळात शिरली. तिची जागाच ती — धुणं तिथंच, केर तिथूनच. मी किंचाळलेच. "बादलीचा धक्का लागून एक काच जरी फुटली ना, तर याद राख! अख्ख्या गल्लीचं पाणी तुझ्यामुळं जाईल!" ती बादली घेऊन तशीच मागं फिरली. नंतर वाईट वाटलं. पण सांगणं भाग होतं.

ता. ९, रविवार

आठही शाबूत.

ता. १०, सोमवार

शाबूत. पण नीट झोप नाही. दिवसभर कान मागच्या बोळाकडे लागलेले. वर कुणी पंप चालवून बघत होतं, त्याची घरघर भिंतीतून ऐकू येत होती. भिंतीला पाठ लावून बसले तर पाठीत जाणवली.

ता. ११, मंगळवार

टँकरचा दिवस. मीही एक कॅन उचलला. तिसाव्या पायरीवर गुडघ्यानं हात टेकले. वहिनी हसली नाही, माझा कॅनही तिनंच घेतला. संध्याकाळी उशिरा बघितल्या काचा. शाबूत.

ता. १२, बुधवार

आईच्या फोटोला काच नाही! नुसती चौकट आणि आत फोटो. वहिनी म्हणाली, पुसताना तडकली, नवी बसवायची आहे. मी टोचून बोलले — कप तासाभरात आणलास, आईची काच मात्र राहिली का? ती खाली बघून भाजी चिरत बसली. आईच्या फोटोवरून मला फार लवकर राग येतो. बाबूला येत नाही. आईनं त्याला जास्त लाडावलं आणि हळवी मात्र मी!

काचा — आठही ठीक.

ता. १४, शुक्रवार

आज बाबू लवकर आला. आम्ही दोघं वर टाकीपर्यंत गेलो. मोठी आहे. केवढं वजन बसेल पाणी भरल्यावर, मी मनातल्या मनात हिशेब केला आणि त्याला सांगितला नाही. वरून अख्खी दरी दिसते, खाली गाडीचे रूळ, पलीकडे बोगदा. बाबू म्हणाला, इथं राहायला आलो तेव्हा शहरातले दोस्त हसायचे, बिळात राहायला चाललास म्हणून. आता म्हणतात, आम्हाला पण बघ एखादी जागा. त्याचा चेहरा असा होता की बास. त्या चेहऱ्यासाठी तरी काचा टिकू देत, असं वाटून गेलं. आणि लगेच स्वतःची चीड आली. काच कुणाच्या चेहऱ्याकडे बघून टिकत नसते.

ता. १६, रविवार

चार नंबरचं प्लास्टर सकाळी जरा ओलसर दिसलं. धुकं फार होतं. काच शाबूत.

ता. १७, सोमवार

डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरतोय, डॉक्टरांनी सांगितलंच होतं. बॅटरीच्या उजेडाला कडा पसरतात. तरी अखंड काच आणि फुटकी काच यातला फरक आंधळ्यालाही कळेल.

ता. १८, मंगळवार

शिंपी पायऱ्यांवर भेटला. "बाई, काचा काय म्हणतात?" मी म्हटलं, गप्प आहेत. तो खूश. त्याच्या बायकोनं नळाखाली ठेवायला नवी बादली आणलीसुद्धा. सगळी गल्ली आता माझ्याकडे बघून हसते. दहा वर्षांपूर्वी चारशे पोरं ज्या नजरेनं बघत होती ती आठवते आणि हे हसणं हवंहवंसं वाटतं. खोटं कशाला बोलू!

ता. १९, बुधवार

तिन्हीसांजेला वहिनी खोलीत आली. हातात चहाचा कप, निळ्या काठाचा. ठेवला तरी जाईना. मग म्हणाली, "ताई, एक विचारू? काच धक्क्यानं फुटते, की आपली आपण पण फुटते?"

मी चष्मा शोधत होते, मिळत नव्हता. म्हटलं, आपली आपण फुटली तर भिंतीचा दोष, धक्क्यानं फुटली तर बाईमाणसाच्या हलगर्जीपणाचा. आणि आता चार दिवस राहिलेत तर त्या बोळात फिरकूच नकोस. ती "बरं" म्हणाली. आणखी काही बोलायचं होतं बहुतेक. चष्मा कपाळावर होता.

ता. २०, गुरुवार

आज जे झालं ते लिहायची लाज वाटते.

सकाळी पाच नंबर बघितला. प्लास्टर बाकीच्यांपेक्षा पांढरं. आणि तारखेतला आठ — मी आठ एका फटक्यात काढते, हा जपून काढल्यासारखा. दिवसभर तेच डोक्यात. कुणाला गरज आहे काचा शाबूत दिसण्याची? तीन वर्षं अर्ज घेऊन कोण फिरलं?

बाबू कामावरून आला. बूटसुद्धा काढू दिले नाहीत मी. म्हटलं, "तू काच बदललीस."

तो आधी हसला. मग त्याला कळलं की मी चेष्टा करत नाही. त्यानं फळीवरची पेटी काढली, झाकण उघडलं आणि काचा एक-एक करून टेबलावर मांडल्या. एक. दोन. तीन. चार. "मोज," म्हणाला. चारच होत्या. उरायला हव्यात तेवढ्याच.

मग त्यानं वसतिगृहाची गोष्ट काढली, पहिल्यांदाच. "तेव्हा सगळे तुला हसत होते ना, ताई, तेव्हा मी एकटा भांडत होतो त्यांच्याशी. माझी बहीण उगाच बोलणार नाही म्हणून. माहितीये तुला?"

मला माहीत नव्हतं. दहा वर्षांत त्यानं सांगितलं नव्हतं.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. चेहरा पांढराफटक. माझ्या आवाजाला घाबरली असेल बिचारी. बाबू जेवला नाही. मीही नाही.

भांडायचं नाही, असं चार तारखेला लिहिलं होतं. वाचलं ते पान आत्ता.

ता. २१, शुक्रवार

बाबू बोलत नाही. काचा शाबूत. पाच नंबरकडे पुन्हा बघितलं. तसाच आहे. मोतीबिंदू आणि माझं संशयी डोकं, दुसरं काय! सरकारी माणसाला एकदा बोलवून घ्या म्हणावं, असं दोनदा तोंडावर आलं. पण कुठल्या तोंडानं? चौदा दिवसांची अट माझीच.

ता. २२, शनिवार

लिहून दिलं. शिंपी दुकानातल्या वहीचा कोरा कागद घेऊन आला होता. "चौदा दिवसांत आठही काचा अखंड राहिल्या. भिंतीची हालचाल दिसली नाही." खाली सही. हात एक क्षण थांबला. बाबू समोर बसला होता, माझ्याकडे न बघता. मी सही केली.

मग त्यानं बघितलं. पुढं होऊन माझ्या पाया पडला वेडा. मी त्याच्या डोक्यात टपली मारली आणि रडले. किती दिवसांनी मोकळं वाटतंय! उद्या सातला पाणी सोडणार. टाकी भरायला चार तास लागतील. मी थांबावं असं सगळ्यांचं म्हणणं, पण सोमवारी डोळ्याच्या डॉक्टरांची वेळ आहे आणि उद्या सव्वानऊनंतर थेट गाडी नाही.

वहिनी मात्र गप्प गप्प आहे. तिला जवळ घेऊन म्हटलं, आता कॅनची सुट्टी. तर डोळे भरून आले तिचे.

ता. २३, रविवार, सकाळ

पाणी सोडलं! पंपाच्या आवाजानं जाग आली. सगळी गल्ली वर टाकीपाशी जमलीय, बाबू पंपाजवळ, शर्ट आत्ताच भिजलाय. फक्त म्हातारी माणसं आणि लहान मुलं घरात. मागच्या बोळात एकदा जाऊन आले. आठही शाबूत. भिंतीला हात लावून "येते" म्हटलं. मी हे म्हटलं, मी!

वहिनी पायऱ्या उतरून स्टेशनपर्यंत आली. डब्याची पिशवी हातात दिली आणि म्हणाली, "ताई, गाडी सुटल्यावरच उघडा हं." काय केलंय एवढं खास, कोण जाणे. फलाटावर लिहितेय. गाडी लागली.

गाडीत, ९.५०

डब्याखाली फडक्यात बांधलेली पुरचुंडी. आत तीन काचा. माझ्या. मोडलेल्या. टोकांना प्लास्टर, त्यावर माझ्या अक्षरात नंबर — तीन, चार, पाच. शेजारी शेजारी. बरोबर टाकीखाली.

आणि चिठ्ठी. "ताई, तुमच्या तीन काचा माझ्या हातून फुटल्या. माझ्यामुळं गल्लीचं पाणी जाईल या भीतीनं बोलले नाही. आईंच्या फोटोची काच कापून आणून तिथं लावली. पहिली मंगळवारी बादलीनं फुटली असणार. दुसरी झाडूनं असेल. तिसरीच्या जवळ मी गेलेच नव्हते, पण दोरीवरची चादर वाऱ्यानं आपटली असेल. मला माफ करा."

धक्क्यानं फुटलेल्या काचेचे तुकडे उडतात. या तिन्ही मधोमध, एका रेषेत मोडल्यात.

बाबूचा फोन वाजत राहिला. पंपाशी आहे, ऐकू येत नसणार. मग वहिनीला लावला, तिनं उचलला. म्हटलं, पंप बंद कर, टाकी रिकामी करा, सगळ्यांना घराबाहेर काढ, म्हाताऱ्यांना उचलून काढ, काचवालीनं सांगितलंय म्हणून ओरड. ती ऐकत होती.

मग हळूच म्हणाली, "ताई, तुम्ही रागावला नाहीत ना?"

मी उत्तर देण्याआधी बोगदा आला.